रात्र काढली

माझ्या बहिणीची पन्नाशी उलटली तरी घरात ती छोटीच. मी तिच्याहून मोठा, म्हणून दादा. माझी बायको तिला 'वन्सं' म्हणते, आणि तेही अशा सुरात की मान देतेय की चिमटा काढतेय, ते ऐकणाऱ्याला कळू नये. गल्लीतली पोरं मात्र तिला सुतारपक्षी म्हणतात. संध्याकाळ झाली की आमच्या वरच्या खोलीतून टक्-टक्, टक्-टक् सुरू होतं, म्हणून.

छोटी फ्रेमच्या दुकानात कामाला आहे. लोक लग्नाचे फोटो आणतात, पदव्या आणतात, गेलेल्या माणसांच्या तसबिरी आणतात. छोटी पट्ट्या कापते, कोपरे जुळवते, काच बसवते. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चित्रांभोवती फिरलं, असं कुणी कीव करून म्हणालं तर ती म्हणते, "पण कोपरा कधी उघडा राहिला नाही, तेवढं बोला."

लाकडाचं वेड लहानपणचं. शाळेत असताना तिनं कर्कटकाच्या टोकानं बाकावर एक कोंबडी कोरली. मास्तरांनी शिक्षा म्हणून सबंध बाक घासून काढायला लावला. घासता घासता खालच्या लाकडातल्या रेषा वर आल्या, पाण्यासारख्या वाहणाऱ्या. शिक्षा संपली तरी ही बया शेजारचा बाक घासत बसली. मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि तिला घरी पाठवून दिलं.

पुढं फ्रेमच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ यायचे. स्वतः छापलेली चित्रं चौकटीसाठी आणायचे. त्यांनी तिला शिकवलं. लाकडाची फळी घ्यायची, हातोड्यानं ठोकत कोरणीनं कोरायची, तिच्यावर काळी शाई फिरवायची आणि वर कागद ठेवून दाबायचा. जिथं लाकूड राखलं तिथं काळं उमटतं, जिथं खणून काढलं तिथं पांढरं. एवढंच. एवढ्याशा गोष्टीनं छोटीचा जन्म व्यापला. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही, ते विचारायला येणारी माणसं हळूहळू थकली.

आता घरातल्या दुसऱ्या बाईबद्दल सांगायला हवं, म्हणजे आमच्या हिच्याबद्दल. माझं शिलाईचं दुकान आहे. काज-बटणं, हातशिलाई, उसवलेलं जोडणं, हे सगळं हिच्याकडे. हात असा की टाका शोधून सापडत नाही. पण हिला झोप नाही. गेली कितीतरी वर्षं नाही. कारण काहीच नाही, हेच तर अवघड. दुःख नाही, दुखणं नाही, डॉक्टरांनी तपासून तपासून हात टेकले. गरम दूध झालं, उलटे आकडे मोजून झाले, उशा बदलून झाल्या. मी उशीला डोकं टेकलं की घोरायला लागतो. ही म्हणते, टेकायच्या आधीच. मग ती उठते आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बटणांचे डबे आवरते. सकाळी मी उठतो तेव्हा निळी बटणं निळ्यांत, पांढरी पांढऱ्यांत, आणि ही खिडकीशी बसलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

नणंद-भावजयीचं म्हणाल, तर दोघी एका छपराखाली राहिल्या आणि भांडायचा विषय एकच पुरवून पुरवून वापरला. लाकडाच्या ढलप्या. ढलप्या अंथरुणात, ढलप्या पिठाच्या डब्यात, ढलप्या माझ्या गिऱ्हाइकाच्या कोटाच्या अस्तरात.

"वन्सं, तुमचं हे झाड घरात कधीपर्यंत पडणार?"

"तुमची बटणं मोजून होईपर्यंत, वहिनी."

तर त्या वर्षी आमच्या गावच्या चित्रकार मंडळानं एक आव्हान काढलं. भर रस्त्यावरचं चपलांचं एक दुकान बंद पडून रिकामं होतं. समोर मोठी काच, आत मोकळ्या फळ्या. त्या काचेमागं एकेका कलाकारानं बसायचं आणि एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत सलग काम करायचं. झोपायचं नाही. खाण्यापिण्याला नि हातपाय मोकळे करायला थोडी सवड, बाकी हात चालता हवा. रस्त्यावरच्या लोकांनी बघायचं. पहिल्या आठवड्यात एक रंगारी बसला, त्यानं पहाटे ब्रश चहात बुचकळला आणि तिथंच मान टाकली. दुसरा मूर्तिकार, तो अर्ध्यातूनच "बायको वाट बघत असेल" म्हणून गेला. मंडळाचे चिटणीस म्हणजे सडपातळ, नियमाचे पक्के, पण मनानं लोण्यासारखे. ते फ्रेमच्या दुकानात आले आणि छोटीला म्हणाले, "बाई, आता तुम्हीच अब्रू राखा."

छोटीनं तिथल्या तिथं हो म्हटलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "अगं, वय काय तुझं?"

"लाकडाला विचार त्याचं वय," ती म्हणाली.

नियमात एक कलम होतं. रात्रीच्या सोबतीला एक माणूस जागं हवं, काही झालं तर हाक मारायला. आम्ही दोघं एकदमच हिच्याकडे बघायला लागलो.

"बघता काय?" ही म्हणाली. "नाहीतरी जागीच असते. घरी बटणं बघायची, तिथं वन्संना बघायचं."

फळी होती दाराएवढी. छोटीनं ती काचेमागं जमिनीवर आडवी टाकली आणि स्वतः उशीवर मांडी घालून तिच्या काठाशी बसली. चित्र तिच्या मनात पक्कं होतं. खाली गावाची घरं, गच्च्या, पाण्याच्या टाक्या, उजेडाच्या बारक्या बारक्या खिडक्या. आणि वर, फळीच्या निम्म्याहून जास्त जागेत, नुसतं काळं आकाश. तिथं कोरणी लावायचीच नाही. तेवढी गडद रात्र तिला हवी होती. "नुसती रात्र काढायचीय मला," ती म्हणाली होती. दुपारी बाराला चिटणीसांनी पितळी घंटा वाजवली आणि टक्-टक् सुरू झालं.

मी संध्याकाळपर्यंत ये-जा केली. काचेपाशी शाळेतली पोरं नाकं चपटी करून उभी होती. समोरच्या फुलवालीनं आपला टोपलीचा ठेला तीन हात सरकवून घेतला, म्हणजे विकता विकता बघता येईल. अंधार पडल्यावर हिनं मला घरी हाकललं. "तुम्ही इथं घोरलात तर काच तडकेल."

त्यामुळे रात्रीचं जे सांगतो ते दोघींच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि दोघींचं एकमेकींशी जुळत नाही.

ही म्हणते, काही झालं नाही. आपण बाकड्यावर बसलो, मधूनमधून पाणी दिलं, काजं कशी करायची त्यावर बोललो, रस्ता रिकामा झाला.

छोटी म्हणते, दिवे मालवले गेले आणि रस्ता काळा झाला, तेव्हा काचेत तिला आणखी एक बाई दिसली. तीही मांडी घालून बसलेली, बाहेर, रस्त्याच्या मधोमध. तिच्या हातात कोरणी होती आणि ती डांबर कोरत होती. छोटीनं हात उचलला की तिनं उचलायचा. मग कधीतरी असं झालं की आधी ती बाई हात उचलायची आणि मागून छोटी. "मला सोपं गेलं," छोटी म्हणाली. "ती दाखवत होती, मी करत होते."

रिकाम्या फळ्यांवरून जुन्या चामड्याचा वास यायला लागला. छोटीला वाटलं, गावातले सगळे लोक चपला इथं काढून झोपायला गेलेत, आणि आपण चपला सांभाळतोय. पायांशी ढलप्यांचा ढीग वाढत गेला. एकदा तिनं पाय हलवला तर त्या लाटेसारख्या हलल्या, तेव्हा तिनं खरंच पाय आखडून घेतला, ओला होईल म्हणून. कोरायच्या खिडक्या आपण मोजून ठेवल्या होत्या, असं तिला आठवत होतं. पण फळीवर खिडक्या आपोआप पुढं पुढं येत राहिल्या, कुणीतरी एकेका घरात दिवा लावत चालल्यासारख्या. एका खिडकीत तिला आमची गेलेली आई स्वयंपाकघरात उभी दिसली. आई म्हणाली, "कोपरा उघडा राहिलाय बघ." छोटीनं बघितलं तर खरंच राहिला होता.

"आणि ही काय करत होती तेव्हा?" मी विचारलं.

"वहिनी ना? वहिनी बोलत होत्या. काजांवर. मग त्यांचं एकेक वाक्य लांब लांब होत गेलं. शेवटचं वाक्य 'दोरा दुहेरी घेतला की' इथपर्यंत आलं आणि पुढं आलंच नाही."

सकाळी मी थर्मासमध्ये चहा आणि पावाची पुडी घेऊन गेलो. ऊन नुकतं काचेतून आत आलं होतं. छोटी होती तशी बसलेली, केसांत भुसा, डोळे लाल, हात चालू. आणि बाकड्यापाशी, मी छापाईसाठी शिवून दिलेल्या पांढऱ्या कापडाच्या गठ्ठ्यावर, आमची ही. झोपलेली.

मी दारातच थांबलो. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला झोपलेलं बघितलं नव्हतं म्हटलं तरी चालेल. मी तिच्या आधी झोपणार, ती माझ्या आधी उठणार. तोंड थोडं उघडं होतं. एक हात गालाखाली, दुसरा उघडा, कुणी काही देईल म्हणून पसरल्यासारखा. कपाळावरची नेहमीची आठी पार गेलेली. मला एकदम वाटलं, ही मुलगी कोण आहे?

छोटीनं हनुवटीनं खूण केली. आवाज करू नकोस. मी चहा ओतला आणि तिच्यापुढं धरला. तिनं हातोडा खाली ठेवला मात्र, हिच्या पापण्या थरथरल्या, हात आवळला गेला. छोटीनं झटकन हातोडा उचलला. टक्-टक्, टक्-टक्. हात पुन्हा सैल पडला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग मी तिच्या शेजारी उकिडवा बसलो आणि चहाचा कप तिच्या ओठांना लावला. ती एकेक घोट घेत होती, हात थांबत नव्हते. पाव मी मोडून मोडून तोंडात घातला. लहानपणी तिला ताप आला होता तेव्हा असंच भरवलं होतं.

रस्ता जागा झाला. फुलवाली आली, काचेतून बघितलं आणि तिनं आल्या-गेल्याला बजावायला सुरुवात केली, "हळू बोला, बाईंना झोप लागलीय." लोकांना वाटायचं कलाकार झोपली, म्हणून ते चेकाळून बघायला यायचे, आणि बघायचे तर भलतंच. मग तेही गप्प व्हायचे. कुजबुजत एकमेकांना सांगायचे, किती वर्षं झोप नव्हती म्हणे. कुणी सांगितलं असेल? मीच सांगितलं. बसचा ड्रायव्हर वळणावर हॉर्न दिल्याशिवाय कधी वळत नसे. त्यानं त्या दिवशी खिडकीतून डोकं काढलं, हातानंच माणसं बाजूला केली आणि बस आजारी माणसासारखी हळूच नेली. पुढच्या फेरीलाही तसंच.

बारा वाजायला आले. चिटणीस आले, हातात घंटा, मागं टाळ्या वाजवायला जमवलेली मंडळी. मी धावत बाहेर गेलो आणि घंटेचा लोळा मुठीत धरला.

"अहो, हे काय?"

"हळू. झोपलीय."

"कोण, बाई?" चिटणीस पांढरे पडले.

"बाई नाही हो, माझी बायको."

त्यांनी काचेतून बघितलं. मग माझ्याकडे, मग घड्याळाकडे. "पण नियमाप्रमाणे बाराला घंटा…"

"वाजली असं लिहा ना."

चिटणीसांनी बराच वेळ विचार केला आणि घंटा अंगातला कोट काढून त्यात गुंडाळली.

मी आत येऊन छोटीच्या कानाशी गेलो. "संपलं. जिंकलीस. चित्र झालं?"

"मघाशीच झालं," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता, लांबच्या खोलीतून आल्यासारखा.

"मग काय कोरतेयस?"

"आकाश."

मी खाली बघितलं. घरांच्या वर, जिथं कोरणी लावायचीच नव्हती, तिथं तिनं कडेकडेनं सुरुवात केली होती. काळी राहायची जागा ती खणून काढत होती.

"अगं, वेडी का काय! चित्राचं वाटोळं होईल. दुसरी फळी आणतो, तिच्यावर ठोक कितीही."

"दुसऱ्या फळीचा आवाज वेगळा," छोटी म्हणाली. "वहिनी जाग्या होतील."

मी तिच्या अंगठ्याकडे बघितलं, तो सुजून लाल झाला होता. मी शेजारी बसलो आणि ढलप्या हातानं बाजूला करत राहिलो, एवढंच काम मला येत होतं. ऊन फळीवर चढलं, फळीवरून उतरलं. आकाश एका कडेकडून निघत गेलं. कधी छोटीची मान पुढं झुके, पण हात आपल्या वाटेनं जात राही, जणू तो झोपलाच नव्हता किंवा तोच एकटा झोपेत चालत होता. बाहेर माणसं येत होती, उभी राहत होती, जात होती. चिटणीस जेवायलासुद्धा गेले नाहीत. कोटाची गुंडाळी पोटाशी धरून, तान्हं मूल धरावं तसे, पायरीवर बसून होते.

ही आपण होऊनच उठली. सावली बाकड्यावर आली होती. डोळे उघडले, छताकडे बघितलं, मग काचेबाहेरच्या एवढ्या तोंडांकडे. ताडकन उठून बसली. केस सारखे केले.

"अहो, ही एवढी माणसं? आणि वन्सं, तुमचं झालं नाही अजून? बारा वाजले असतील की!"

छोटीनं हातोडा खाली ठेवला. बोटं उघडेनात, मी एकेक करून उघडली. बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. हिनंही छोटीकडे बघून कौतुकानं टाळ्या वाजवल्या. त्यावर लोक जे हसले, त्याचं कारण तिला संध्याकाळी कळलं आणि ती लाजून आतल्या खोलीत जाऊन बसली.

छापाई त्याच दिवशी व्हायची होती. शाई फिरवायचं बळ छोटीत नव्हतं, ती सांगत गेली, आम्ही केलं. फळीवर ते पांढरं कापड पसरलं, त्यावर जुनी घोंगडी, आणि मग आम्ही सगळे चपला काढून त्यावर चालायला लागलो. दाब माणसांच्या पायांचाच द्यायचा होता. मी, ही, फुलवाली, चिटणीस, सगळे बारीक पावलं टाकत एकमेकांभोवती फिरत होतो. कापड उचललं.

घरं होती, टाक्या होत्या. उजेडाच्या खिडक्या काळ्या भिंतींत तशाच होत्या. पण वर रात्र नव्हती. वर सगळं पांढरं, कोरणीच्या ओळीओळींचं, आणि उजव्या कोपऱ्यात जिथं हात पोचला नव्हता तिथं काळ्याचे थोडे पुंजके राहून गेलेले. गाव पहाटेला जागं होतं आहे आणि लोकांनी दिवे अजून मालवलेले नाहीत, असं.

चिटणीस म्हणाले, "बाई, तुम्ही रात्र काढणार होतात ना?"

"काढली की," फुलवाली म्हणाली. "सगळी काढून टाकली."

लोक पुन्हा हसले. छोटी हसली नाही. ती कापडासमोर उभी राहून बघत होती, हात बगलेत धरून. मला वाटलं तिला वाईट वाटतंय. घरी जाताना विचारलं, तर म्हणाली, "वाईट वाटलं थोडं. काळं फार छान लागलं असतं." मग चालता चालता थांबली. "पण दादा, तू वहिनींचं तोंड बघितलंस?"

त्यानंतर ती दीड दिवस झोपली. अंगठा महिनाभर वाकत नव्हता. तिचे केस ही विंचरायची, तिची बटणं ही लावायची, आणि तेव्हासुद्धा दोघींची ढलप्यांवरून चालूच. हिची झोप पूर्ण परत आली असं म्हणणार नाही. काही रात्री येते, काही रात्री नाही. वर टक्-टक् चालू असलं तर बहुतेक येते. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, असंही असू शकतं.

मग एकदा तो बसचा ड्रायव्हर फ्रेमच्या दुकानात आला. त्या चित्राचा आणखी एक छाप मिळेल का, म्हणाला. त्याची ड्यूटी अंधारात सुरू होते, घरची सकाळ त्यानं कित्येक वर्षांत बघितलेली नाही. छोटीनं पातळ कागद जोडून त्याला छापून दिलं. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला आणि बघायला घरी चला म्हणून मागंच लागला. आम्ही तिघं गेलो. एकच खोली, भिंतींवर कपाटं, शिड्या, सायकल. चित्र कुठं दिसेना.

"वर," ड्रायव्हरची म्हातारी आई म्हणाली. एवढी मोठी भिंत त्याच्याकडे नव्हतीच, म्हणून त्यानं ते छताला डकवलं होतं, पलंगाच्या बरोबर वर. "उभ्यानं मान दुखते. आडवं व्हा."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग पलंगालगत चटई पसरली आणि तिघं शेजारी शेजारी उताणे झोपलो, छोटी मधे. शेगडीवर कसलं तरी पाणी उकळत होतं. खोलीत संध्याकाळचा थोडा उजेड होता, आणि वर ते गाव आमच्यावर उलटं टांगलेलं, शांत.

"उजवीकडची गच्ची वाकडी आलीय," छोटी म्हणाली.